मागच्या डिस्कला हातब्रेक : घरी बांधलेल्या बग्गीसाठी काय करावे?

कलमांचा राखणदार

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात आमची हापूसची बाग डोंगराच्या उतारावर आहे. घराच्या खळ्यापासून वरच्या टप्प्यापर्यंत जी जांभ्याची वाट जाते, तिच्यावरून आंब्याचे क्रेट डोक्यावर खाली आणावे लागत. गेल्या वर्षी भंगारात एक मारुती ८०० मिळाली आणि तिच्यापासून मी दोन माणसे बसतील आणि मागे क्रेट राहतील अशी उघडी बग्गी बांधली. सांगाडा पाइपचा असून वेल्डिंग मी आणि माझ्या मेहुण्याने घरीच केले. ८०० च्या पुढच्या चाकांची सगळी जोडणी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, नकल (चाक ज्यावर बसते तो ओतीव भाग) आणि डिस्क, जशीच्या तशी सीटच्या मागे नेली. पुढच्या बाजूला दुसऱ्या एका ८०० चे नकल आणि डिस्क बसवले.

गाडी चालते उत्तम आणि पायाचा ब्रेकही उत्तम लागतो. मात्र ८०० चा हातब्रेक तिच्या मागच्या ड्रममध्ये असतो आणि ते ड्रम माझ्या गाडीत राहिलेच नाहीत, हे सांगाडा रंगवून झाल्यावर माझ्या लक्षात आले. चारही चाकांना डिस्क आहेत आणि हातब्रेक एकालाही नाही.

त्यावर मी केलेला उपाय असा, की मागच्या ब्रेकच्या नळीत एक पितळी कॉक बसवला. पेडल जोराने दाबायचे, कॉक बंद करायचा आणि मग पेडल सोडायचे, म्हणजे ऑइल नळीत कोंडून राहते आणि चाके जखडलेली राहतात. तीन आठवडे हे चालले. वैशाखातल्या एका संध्याकाळी वरून भरलेली गाडी उतरवली, अर्ध्या वाटेत उभी केली, कॉक बंद केला, क्रेट उतरवून घेतले आणि गाडी तिथेच ठेवून घरी आलो. सकाळी गाडी जागेवर नव्हती. वीसेक फूट खाली जाऊन ती गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकली होती, पुढचा पाइप वाकला होता आणि मधले तीन वर्षांचे एक कलम मोडले होते. कॉक बंदच होता आणि नळीला कोठेही ओल नव्हती. संध्याकाळी त्याच वाटेवर माझी पुतणी खेळत असते, एवढेच सांगतो.

आता कॉक काढून टाकला आहे आणि चाकाखाली दगड लावून काम चालवतो. खरा हातब्रेक घरी कसा बनवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त फिटर

आपली गाडी कोणी ढकलली नाही आणि कॉकही गळला नाही. उतार उतरताना ब्रेक तापले, त्यांच्याबरोबर कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्यातले, ऑइल तापले आणि त्या गरम अवस्थेत आपण ते कोंडले. ऑइल तापल्यावर जेवढे फुगते तेवढेच निवल्यावर आकसते, आणि कॅलिपरच्या लोखंडापेक्षा ते कितीतरी जास्त आकसते. बंद नळीत आकसलेल्या ऑइलची जागा भरून काढायला दुसरे ऑइल येऊ शकत नाही, कारण ती वाट आपणच कॉकने बंद केलेली असते. दाब हळूहळू उतरतो आणि मध्यरात्री केव्हातरी उताराची ओढ ब्रेकच्या पकडीपेक्षा वरचढ होते. सीलमधून होणारी अतिसूक्ष्म गळती, जी फडक्याला ओल म्हणून दिसतही नाही, ती याला हातभार लावते.

मी नोकरीची एकोणतीस वर्षे जड वाहनांच्या ब्रेकवर काढली आहेत. हातब्रेकचे पहिले तत्त्व असे, की ओढून झाल्यावर तो निव्वळ यांत्रिक कुलुपाने टिकला पाहिजे. त्याची पकड ऑइल, हवा किंवा वीज यांवर अवलंबून असता कामा नये. प्रवासी मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांचे १३-एच क्रमांकाचे ब्रेकविषयक नियमन आहे, त्यातही नेमकी हीच अट आहे. पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर, दोन्ही दिशांना, उभी राहिली पाहिजे आणि त्यासाठी हाताला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. आपली गाडी शेतातली असली तरी हे मोजमाप डोळ्यांसमोर ठेवा, कारण उताराला गाडी रस्त्यावरची की बागेतली हे कळत नाही.

पहिला प्रश्न असा, की आपल्या वाटेचा सर्वांत उभा चढ किती टक्के आहे? अंदाज नको, मोजून सांगा.

लेथवाला कोल्हापूरकर

राखणदार, तुमच्यासारखी गाडी आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये दोनदा येऊन गेली आहे आणि दोन्ही वेळा अडचण हीच होती. ८०० चे धूड मागे नेले की हातब्रेक हमखास मागे राहून जातो.

जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर, छोट्या ड्रमचा असे. रचना सुटसुटीत आणि ताकदही भरपूर, कारण डिफरेन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या) गुणोत्तराने ब्रेकचा जोर वाढूनच चाकापर्यंत पोहोचतो. तिचा दोष असा, की ब्रेक डिफरेन्शियलच्या अलीकडे असतो. एक मागचे चाक जॅकवर उचलले की उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे सुलटे, त्यामुळे हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. जीपवाल्यांना हा धडा एकदा तरी मिळालेला असतो. तुमच्या गिअरबॉक्सला तसा एकच बाहेर येणारा शाफ्टही नाही, तेव्हा हा विचार सोडा.

दुसरी वाट अशी, की पुढच्या चाकांना डिस्कऐवजी ८०० चेच मागचे ड्रम बसवायचे आणि हातब्रेक पुढे घ्यायचा. हे विचित्र वाटते खरे, पण साब ९९ आणि सिट्रोएन डीएस या मोटारींचा हातब्रेक पुढच्याच चाकांवर होता. तिसरी वाट म्हणजे मागच्या त्याच डिस्कवर, पायाच्या कॅलिपरपासून दूर, केबलने चालणारा वेगळा छोटा यांत्रिक कॅलिपर बसवणे. कार्टिंगच्या गाड्यांसाठी असे कॅलिपर मिळतात. मी असतो तर तिसरी वाट धरली असती, पण त्या छोट्या कॅलिपरला तुमचा उतार झेपेल का, हा हिशेब आधी व्हायला हवा.

कलमांचा राखणदार

फिटरकाका, आपल्या सांगण्याप्रमाणे गवंड्याची पाण्याची नळी घेऊन वाट मोजली. सर्वांत उभ्या जागी आडव्या ३ मीटरला ६६ सेंटीमीटर उतार भरला, म्हणजे २२ टक्के. घरातले सगळे याला “जरा चढ आहे” असे म्हणतात.

गाडीचे वजन आमच्या काजूच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर केले. रिकामी गाडी ४३० किलो भरली. दोन माणसे आणि क्रेट धरून ६६० किलो समजावे. त्यातले साधारण साठ टक्के मागच्या चाकांवर येते. टायर ८०० चेच, १४५/७० आर १२.

मुक्ता, यांत्रिकी

मी महाविद्यालयाच्या बाहा (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या बग्ग्यांची स्पर्धा) संघात ब्रेकचे काम पाहत होते, म्हणून हिशेबाची जबाबदारी घेते. सोपे जावे म्हणून सगळे किलोत मांडते.

२२ टक्के चढ म्हणजे १२.४ अंश. ६६० किलोची गाडी त्या उतारावर खाली ओढली जाते ती ६६० गुणिले ०.२१५, म्हणजे १४२ किलोच्या जोराने. भाराखाली टायरची त्रिज्या २५ सेंटीमीटर धरली, तर दोन्ही मागच्या चाकांना मिळून ३५.५ किलो-मीटरचे आणि एका चाकाला सुमारे १७.७ किलो-मीटरचे आघूर्ण (फिरवणारा जोर) रोखावे लागेल. ८०० च्या डिस्कवर यांत्रिक कॅलिपरचे पॅड केंद्रापासून ९ सेंटीमीटरवर बसतील असे समजू. मग प्रत्येक डिस्कवर १९७ किलोचे घर्षण हवे. पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात आणि घर्षणगुणांक मी जाणूनबुजून कमी, ०.३ च, धरते, कारण हातब्रेकचे पॅड थंड, धुळकट आणि कधी ओलेही असतात. म्हणजे प्रत्येक कॅलिपरने डिस्कला ३२८ किलोंनी चिमटले पाहिजे. दीडपट सुरक्षितता धरली की ४९० किलो.

आता हाताकडून निघू. ८०० चाच हातब्रेकचा दांडा वापरला आणि मुठीपासून खिळीपर्यंत २८ व खिळीपासून केबलपर्यंत ४ सेंटीमीटर असेल, तर जोर सातपट होतो. २५ किलोंनी ओढले की १७५ किलो, दोन केबलमध्ये वाटून प्रत्येकी ८७, आणि आउटरच्या (केबलवरच्या नळीच्या) वळणांत पाचवा हिस्सा गमावला असे धरून कॅलिपरच्या आर्मला ७० किलो पोहोचतात. त्याचे ४९० करायचे तर कॅलिपरने जोर सातपट वाढवला पाहिजे. ६० मिलिमीटरचा आर्म आणि ६ मिलिमीटर सरक असलेला कॅम (फिरला की पॅड ढकलणारा तुकडा) कागदावर दहापट देतो, घर्षण वजा जाता सातपट. म्हणजे बसते, पण अगदी काठावर बसते. आर्म ६० पेक्षा आखूड असलेला कॅलिपर घेऊ नका.

पुढच्या चाकांवरच्या हातब्रेकविषयी माझा विरोध नोंदवते. साब किंवा सिट्रोएनमध्ये तो चालतो, कारण त्या गाड्यांचे वजन पुढे आहे. राखणदारांच्या गाडीचे वजन मागे आहे. गाडी चढाकडे तोंड करून उभी असेल, तर पुढच्या चाकांवर सगळा मिळून २२० किलोच्या आसपासच भार उरतो. तेवढ्या भारावर १४२ किलोची ओढ थोपवायची, तर टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण ०.६४ लागेल. पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर ते कोठून आणणार? तोच ब्रेक मागे असेल तर चढाकडे तोंड असताना ०.३४ आणि उताराकडे तोंड असताना ०.४१ पुरते. ब्रेकने चाक घट्ट धरले आणि गाडी चाकांसकट घसरत गेली, तर कॅलिपर कितीही चांगला असून उपयोग नाही.

निवृत्त फिटर

मुक्ताताईंनी हिशेब चोख मांडला आहे. चढाकडे तोंड करून गाडी उभी करण्याचा फायदा त्यांच्या आकड्यांतून आपोआप दिसतो, तो राखणदारांनी लक्षात ठेवावा.

आता ज्या गोष्टी हिशेबात दिसत नाहीत, त्या सांगतो. पहिली गोष्ट समतोल पट्टीची, जिला गॅरेजमध्ये इक्वलायझर म्हणतात. दांड्याकडून येणारी सळई थेट दोन केबलना जोडू नका. सळईच्या टोकाला मधोमध डुलणारी आडवी पट्टी लावा आणि तिच्या दोन टोकांना दोन केबल अडकवा. एका बाजूचे पॅड जास्त झिजले किंवा एक केबल जास्त ताणली गेली, तरी पट्टी कलून दोन्हीकडे सारखाच जोर पोहोचवते. पट्टी नसेल तर आखूड झालेली एक केबल सगळा जोर खाते आणि दुसरे चाक नुसते शोभेला राहते. पट्टीला डुलायला मोकळी जागा ठेवा. मी अशा कितीतरी पट्ट्या पाहिल्या आहेत, ज्या सांगाड्याला घासून एकाच बाजूला अडकलेल्या असत.

दुसरी गोष्ट केबलची. मोटारसायकलच्या क्लचची वायर वापरण्याचा मोह होईल, पण तिच्यात तार तुटण्याआधी डाग दिलेला निपल (टोकाची गोळी) सुटून येतो. ८०० च्या हातब्रेकच्या तयार केबल घ्या आणि आउटर टेकण्याच्या जागा त्यांच्या लांबीप्रमाणे सांगाड्यावर बसवा. केबल कापून जोडू नका. तारेच्या दोराला वेल्डिंगचा धक्का लागला की ती जागा ठिसूळ होते आणि पुढे नेमकी तिथेच तुटते. आउटरची टोके टेकतात तो कंस (ब्रॅकेट) दमदार हवा, कारण आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने आउटर त्या कंसाला उलट ढकलत असते. कंस वाकला की हाताला वाटते ब्रेक लागला, आणि चाकापर्यंत काहीच पोहोचलेले नसते.

तिसरी गोष्ट नकलची. कॅलिपरचा कंस नकलवर वेल्ड करू नका. नकल ओतीव लोखंडाची असते. वेल्डच्या कडेला बारीक चीर जाते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि त्याच नकलवर चाक, सस्पेन्शन आणि पायाचा ब्रेक हे सगळे लटकलेले असते. पायाच्या कॅलिपरचे बोल्ट जिथे बसतात तिथेच पट्टा धरून, लांब ८.८ ग्रेडचे बोल्ट घेऊन, तो डिस्कच्या दुसऱ्या बाजूपर्यंत न्या. बोल्टच्या लांबीत आट्यांची पकड कमी होणार नाही, हे पाहा.

दांड्याचे दातेही तपासा. दांडा शेवटच्या दात्यापर्यंत ओढून त्याला बाजूने लाकडी हातोडीचे चार ठोके द्या. खटका सुटला तर दाते झिजले आहेत, दुसरा दांडा शोधा.

डोंबिवलीचा, सध्या लीड्समध्ये

येथे हौशी लोक घरी गाड्या बांधतात आणि तपासणी करून रस्त्यावरही आणतात, म्हणून धागा आवडीने वाचत आहे. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत हातब्रेकची किमान कार्यक्षमता १६ टक्के लागते. राखणदारांच्या वाटेला २१.५ टक्के लागते, म्हणजे इथे उत्तीर्ण झालेली एखादी गाडी तुमच्या बागेत नापास होऊ शकते.

एक शंका आहे. भारतात अशी गाडी चालवणे कायद्यात बसते का?

निवृत्त फिटर

रस्त्यावर नाही. अशा गाडीची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीतही उत्पादकाच्या मूळ रचनेला बाध येईल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे. गडगा घातलेली बाग बंदिस्त आवार ठरते का, याचा खल येथे नको. राखणदारांनी गाडी गडग्याच्या आत ठेवावी, आणि मागच्या वेळेसारखी गडग्याला टेकवून नव्हे.

कलमांचा राखणदार

काका, टोला पोहोचला.

पंधरा दिवसांत झालेले काम सांगतो. कार्टिंगचे दोन यांत्रिक कॅलिपर मागवले, त्यांचे आर्म ६२ मिलिमीटरचे आहेत. दांडा आणि केबल त्याच जुन्या ८०० च्या घेतल्या. दांड्याने हातोडीचे ठोके सहन केले. इक्वलायझरची पट्टी २५ बाय ८ च्या पट्टीची केली आणि मधल्या भोकात पितळी बुश ठोकला. कॅलिपरचा कंस ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापला. नकलची प्रतल आणि डिस्कची प्रतल यांत साधारण २० मिलिमीटरचे अंतर पडते, त्यामुळे कंसाला मधे एक घडी द्यावी लागली.

चाचणीसाठी उतारावर जाण्याचे धाडस झाले नाही. खळ्याच्या सपाट कोब्यावर गाडी उभी केली. मागच्या हुकाला काजू तोलायचा लटकता डिजिटल काटा लावला, काट्याला चेन पुली आणि पुलीचे दुसरे टोक फणसाच्या बुंध्याला. बुंध्याला पोते गुंडाळले, नाहीतर आईने पुढची चाचणी होऊ दिली नसती. गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला. दांड्याच्या मुठीला ताणकाटा अडकवून ओढला तेव्हा २६ किलोवर दांडा सातव्या खटक्यावर बसला. मग मेहुणा साखळी ओढू लागला आणि मी काट्याकडे पाहत राहिलो. ६०, ८०, १००, १०५ आणि ११८ वर उजवे चाक “कुर्र” असा आवाज करत फिरले. पाच वेळा केले, पाचही वेळा ११५ ते १२०.

मुक्ताताईंच्या हिशेबाप्रमाणे १४२ ही किमान गरज आहे आणि दीडपट धरून २१३ हवेत. म्हणजे आज हा ब्रेक माझी गाडी त्या चढावर धरणार नाही. हिशेबात चूक आहे की हातांत?

मुक्ता, यांत्रिकी

आधी एक सोपे कारण पाहू. पायाच्या ब्रेकचे पॅड रोज घासून डिस्कवर बसत जातात. हातब्रेकचे पॅड गाडी उभी असतानाच लागतात, त्यामुळे ते कधी बसतच नाहीत. नवा पॅड डिस्कला चार उंचवट्यांवर तेवढा टेकलेला असतो. सपाट जागेवर गाडी अगदी सावकाश चालवत हातब्रेक हलका ओढून वीस-पंचवीस पावले न्या आणि सोडून निवू द्या. असे दहा-बारा वेळा करा. मागे-पुढे कोणी नसावे. जोरात ओढू नका, चालत्या गाडीत मागची चाके जखडली की गाडी गिरकी घेते.

त्यानंतर पॅड काढून त्यांच्या तोंडाचे फोटो येथे टाका. पॅड कोठे घासला आहे, यावरून पुष्कळ कळेल.

लेथवाला कोल्हापूरकर

घडी दिलेला ६ चा कंस वाचूनच मी चपापलो. पुन्हा साखळी ओढाल तेव्हा काट्याकडे मेहुण्याला बघू दे आणि तुम्ही चाकाशेजारी बसून कंसाकडे बघा, किंवा मोबाइल टेकवून त्याचे चित्रण करा.

कलमांचा राखणदार

दोन्ही सूचना पाळल्या. पॅड बसवल्यावर आकडा ११८ वरून १४८ वर गेला. मग पॅड काढून पाहिले, तर दोन्ही पॅडांच्या फक्त बाहेरच्या कडेला चकाकी आहे, आतला निम्मा भाग नव्यासारखा मळकट राखाडी. चित्रणात सगळे उघड दिसले. साखळीचा ताण वाढतो तसा कंस घडीपाशी पिळतो, कॅलिपर तिरका होतो आणि पॅड डिस्कला कडेने टेकतो. ताण सोडला की कंस परत जागेवर येतो, म्हणून नुसते बघून मला तो कधीच वाकडा दिसला नव्हता.

लेथवाला कोल्हापूरकर

घडी हीच सगळ्या दुखण्याची जागा आहे. डिस्कवरचे दोनशे किलो कंसाच्या एका टोकाला लागतात आणि बोल्ट २० मिलिमीटर बाजूला आहेत, म्हणजे कंस नुसता वाकत नाही, पिळलाही जातो, आणि पिळाला सपाट पत्र्यासारखे मऊ काही नाही. घडी काढून टाका. १० मिलिमीटरचा सपाट पट्टा घ्या आणि वीसचे अंतर लेथवर सरळ घेतलेल्या जाड ठोकळ्याने भरून काढा. ठोकळ्याची दोन्ही तोंडे समांतर हवीत, नुसत्या वॉशरांची चळत नको. पट्ट्याच्या पाठीवर उभी पट्टी वेल्ड करून बरगडी द्या. ते वेल्डिंग पट्टा गाडीवर चढवण्यापूर्वी करा आणि नंतर पट्टा सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघा. कॅलिपर त्याच्या पिनांवर डावी-उजवीकडे बोटाने सरकला पाहिजे, नाहीतर एकच पॅड काम करेल.

ब्रेक दोन्ही दिशांना धरायचा आहे, तेव्हा साखळीची चाचणी गाडी उलटी करून पुढच्या हुकानेही करा. पुढे जाताना घट्ट धरणारा ब्रेक मागे जाताना सैल पडतो असे घडते. ज्या ड्रममध्ये दोन्ही शू (ड्रमला आतून दाबणारे घर्षणाचे पट्टे) पुढच्या दिशेने स्वतःहून रुतणारे असतात, त्यांचा हा जन्मजात दोष आहे. डिस्कला तो नाही, पण तिरक्या कंसाला असू शकतो.

निवृत्त फिटर

कंस होईल तेव्हा एक भर घाला. डिस्क तापलेली असताना हातब्रेक ओढला आणि मग ती निवली, तर तिची जाडी अगदी किंचित कमी होते. ड्रम निवताना आकसून शूवर उलट घट्ट बसतो, डिस्क मात्र पॅडांच्या मधून अंग चोरून घेते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची गोष्ट आहे, पण कॅलिपर ताठ असला की तेवढ्यानेही पकड उतरते. केबलला स्वतःचा थोडा ताण असतो आणि तो ही घट भरून काढतो. तरीही दांड्याकडच्या सळईवर, इक्वलायझरच्या नटाखाली, बशीच्या आकाराचे स्प्रिंग-वॉशर समोरासमोर जोड्यांनी घाला. ओढताना ते दबतात आणि डिस्क निवताना मोकळे होत ताण टिकवून धरतात. आपली गाडी ज्या रात्री गेली, त्या रात्रीचेच हे धाकटे भावंड आहे, म्हणून सांगितले.

कलमांचा राखणदार

नवा कंस बसला. १० मिलिमीटरचा सपाट पट्टा आणि बरगडी. ठोकळे रत्नागिरीत लेथवर करून आणले. सळईवर बशी-वॉशरच्या चार जोड्या घातल्या. दांड्याखाली एक छोटा स्विच बसवून डॅशवर लाल दिवाही दिला, कारण मेहुणा हातब्रेक ओढलेला ठेवूनच गाडी चालवायला निघतो.

पॅड पुन्हा बसवून काल चाचणी घेतली. मागच्या बाजूने ओढताना काटा २०० च्या पुढे गेला तेव्हा चेन पुली करकरू लागली आणि २२५ वर गाडी हलली. पण या वेळी चाक फिरले नाही. कोब्यावर टायरचे दोन काळे पट्टे उमटले, चाके जखडलेली राहूनच गाडी घसरली. पुढच्या बाजूने २२० वर तेच. मुठीला जोर पूर्वीइतकाच, २६ किलो.

मग काका म्हणतात तशी गरम चाचणी केली. रिकामी गाडी वाटेवरून चार वेळा ब्रेकवर उतरवली, डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तो चर्रकन उडाला, लगेच हातब्रेक ओढला आणि गाडी रात्रभर फणसाशी जोडून ठेवली, साखळी सैल. सकाळी डिस्क गार असताना ओढून पाहिली तर २१४. दांड्याला हात लावला नव्हता.

त्यानंतर २२ टक्क्यांच्या जागी, क्रेटमध्ये चिरे भरून, आधी चढाकडे आणि मग उताराकडे तोंड करून प्रत्येकी एक तास गाडी उभी केली. चाकामागे वितभर अंतरावर फळीचे पाचर ठेवले होते, आणि चाकापुढे खडूची रेघ. रेघ आणि टायर यांतले अंतर दोन्ही वेळा बदलले नाही.

एक प्रश्न अजून आहे. मृग जवळ आला आहे. केबलचे आउटर चाकाजवळ खाली झोका घेऊन परत वर चढते. त्या झोक्यात पाणी साठून केबल गंजेल का?

निवृत्त फिटर

गंजेल, आणि हातब्रेक लागलेलाच अडकून राहील. मग लोक पावसाळाभर तो ओढायचेच सोडून देतात आणि दिवाळीपर्यंत केबल पुरती आवळून बसते. आउटरचे वरचे टोक सोडवून आतून पातळ ग्रीस उतरू द्या, टोकांना रबरी टोप्या घाला, आणि झोका अशा रीतीने वळवा की सर्वांत खालचा बिंदू आउटरच्या मधे न येता कॅलिपरकडच्या उघड्या टोकाशी येईल, म्हणजे शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहील. गाडी वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा दांडा ओढून सोडत जा.

कलमांचा राखणदार

आज दुपारी केबल वळवून घेतल्या. डाव्या बाजूला सायलेन्सर आड येतो, म्हणून तिथे आउटरला चिमटा लावून ती दोन बोटे बाहेर घेतली आहे. गणपतीत चाके काढून पॅड आणि पिना बघेन आणि साखळीचा आकडा पुन्हा घेऊन येथेच लिहीन. पाचर मात्र सीटमागे बांधून ठेवले आहे. आई म्हणते तिचा काट्यावर विश्वास आहे, मेहुण्यावर नाही.